आधी पाऊल, मग रेघ: स्किझोफ्रेनियाच्या पुनर्वसनात नृत्य आणि चित्र एकत्र कसं वापरायचं

स्किझोफ्रेनियावरची औषधं भास आणि भ्रम बऱ्याच जणांच्या बाबतीत आटोक्यात आणतात. कानातले आवाज कमी होतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो ही खात्री सैल पडते. मग काही महिन्यांनी घरचे लोक वेगळीच तक्रार घेऊन येतात. दिवसभर पडून असतो, आंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, चेहऱ्यावर काही उमटत नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर. हा आळस नाही, आजारच आहे. या लक्षणांना नकारात्मक लक्षणं म्हणतात, म्हणजे उमेद, बोलणं, आनंद, माणसांची ओढ हे जे असायला हवं ते उणं होणं. औषधांचा जोर इथे कमी पडतो. चित्र आणि नृत्य यांना उपचारात जागा आहे ती इथे.

दोन्ही एकत्र घेण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. नुसत्या चित्रांच्या गटात माणूस खुर्चीत अंग चोरून बसतो, मनगटाच्या वर हात हलतच नाही आणि कागदाच्या कोपऱ्यात सुपारीएवढं चित्र येतं. नुसत्या नृत्याच्या गटात हालचाल होते, पण ती क्षणात विरते. पुढच्या आठवड्यात 'मागे काय केलं होतं' याचा माग हाती नसतो. या आजारात लक्ष आणि स्मरण दोन्ही थकलेली असतात, त्यामुळे हा माग फार मोलाचा. शरीराने केलेली हालचाल कागदावर रेघ म्हणून उरते आणि तीच रेघ पुढच्या वेळी परत पावलांत आणता येते. या ये-जा करण्यावर पुढचा सगळा आराखडा उभा आहे.

(शुभार्थी म्हणजे आजाराला तोंड देणारी व्यक्ती आणि शुभंकर म्हणजे तिची काळजी घेणारे आप्त. महाराष्ट्रातल्या मानसिक आरोग्याच्या स्वमदत गटांत रुळलेले हे शब्द 'रुग्ण' आणि 'नातेवाईक' यांच्यापेक्षा कितीतरी माणुसकीचे आहेत, म्हणून इथे तेच वापरले आहेत.)

हा लेख मानसोपचार केंद्रात, दिवसभराच्या पुनर्वसन केंद्रात किंवा स्वमदत गटात नव्याने काम सुरू करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारक, समाजसेवक, कलाशिक्षक आणि नृत्यशिक्षक यांच्यासाठी आहे. कलाशिक्षक किंवा नृत्यशिक्षक यांनी हे एकट्याने करू नये. दोन गटचालक हवेत आणि त्यांपैकी एकाला तरी मानसिक आजारांचं प्रशिक्षण हवंच.

पुरावा काय सांगतो

१९४२ मध्ये मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांबरोबर नृत्याचं काम सुरू केलं. आजची मानसरोगविरोधी औषधं तेव्हा नव्हती. वर्तुळात उभं राहणं, एकत्र ताल धरणं आणि समोरच्याच्या हालचालीला आपल्या शरीराने उत्तर देणं हे त्यांच्याकडून आलेलं. १९४६ पासून इंग्लंडच्या नेदर्न रुग्णालयात एडवर्ड अ‍ॅडमसन यांनी चित्रांचा स्टुडिओ चालवला आणि चित्रांचा अर्थ लावण्यापासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवलं. या कामाला या दोन्ही शिदोऱ्या लागतात.

पण मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साह आवरायला लावणारे आहेत आणि नव्या माणसाला ते सुरुवातीलाच माहीत असावेत. ब्रिटनमधल्या मॅटिस चाचणीत ४१७ जण होते. त्यांतल्या एका गटाला वर्षभर, आठवड्यातून एकदा, दीड तासाचं चित्रोपचाराचं सत्र देऊ केलं होतं. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. शरीराधारित मानसोपचाराच्या, म्हणजे हालचाल आणि शरीराची जाणीव यांतून चालणाऱ्या उपचाराच्या, २००६ मधल्या ४५ जणांच्या छोट्या अभ्यासात नकारात्मक लक्षणं कमी झाली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७५ जणांच्या चाचणीत मात्र पिलाटेसच्या व्यायामगटापेक्षा हा उपचार सरस ठरला नाही. तरीही ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना, विशेषतः नकारात्मक लक्षणांसाठी, कलोपचारांचा विचार करा असं सांगतात.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला: औषध थांबवून किंवा कमी करून हे करायचं नाही, कुणी विचारलं तरी नाही. दुसरा: मॅटिसमध्ये चित्रगटात नावं असलेल्यांपैकी बरेच जण सत्रांना फारसे आलेच नाहीत. ज्याची उमेदच आजाराने नेली आहे, त्याला 'गुरुवारी या' म्हणून सोडून देणं पुरेसं नसतं. आदल्या संध्याकाळी फोन, सोबत आणणारा माणूस, ठरलेली वेळ आणि पोचल्यावर चहा, ही तजवीज उपचाराचाच भाग मानावी आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावी.

सुरू करण्याआधी: डॉक्टर आणि औषधं

प्रत्येक शुभार्थीच्या मानसोपचारतज्ज्ञाची लेखी संमती घ्या आणि औषधांची यादी मागा. ही यादी फाइलला लावण्यासाठी नाही. कोणती हालचाल आणि कोणता रंग द्यायचा ते तिच्यावरून ठरतं.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन अशा औषधांनी अंगात ताठरपणा आणि हाताला कंप येऊ शकतो. अशा व्यक्तीला पेन्सिल दिली की रेघ थरथरते आणि ती शरमून कागद उलटा करते. तिला अंगठ्याएवढा जाड खडू द्या, कागद टेबलाला चिकटवून टाका आणि चालताना हात झुलवण्यावर भर द्या. काहींना औषधाने आतून विलक्षण बेचैनी होते, पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. याला अकथिसिया म्हणतात. हा माणूस 'सहकार्य करत नाही' असा शेरा हमखास पडतो. त्याला भिंतीलगत चालायची वाट मोकळी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा, कारण औषध बदलून हे कमी होतं.

क्लोझापिन आणि ओलान्झापिन घेणाऱ्यांना सकाळी गुंगी असते, म्हणून सत्र ९ वाजता नको, ११ च्या सुमारास ठेवा. क्लोझापिनने लाळ सुटते. टेबलावर सगळ्यांसाठीच नॅपकिन ठेवा, म्हणजे एकालाच द्यावा लागत नाही. याच औषधाने काहींना झटके येऊ शकतात, तेव्हा लुकलुकते दिवे नकोत. बऱ्याच औषधांनी उठताना रक्तदाब एकदम उतरतो. जमिनीवर बसून झटकन उभं राहणं, गिरकी, फुगडी हे सगळं बाद. ताठरपणा आणि कंप कमी करायला दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, जवळचं धूसर दिसतं आणि घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत जोरात नाचवलं तर हीच मंडळी आधी कोसळतील.

वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या काहींच्या ओठांची, जिभेची नकळत चाळवाचाळव होते. ती हालचाल चुकूनही 'प्रतिसाद' म्हणून परत करू नका. ते वेडावणं ठरतं.

कुणाला आत्ता घेऊ नये? आजार उफाळलेला असताना, आत्महत्येचे विचार असताना, 'मार', 'उडी मार' असे हुकूम देणारे आवाज येत असताना, किंवा गटातल्याच एखाद्यावर संशय पक्का असताना. पुढे स्थिर झाल्यावर जरूर घ्या. आणि अंग अचानक लाकडासारखं ताठ, ताप, गोंधळलेपण असं एकत्र दिसलं तर सत्र वगैरे काही नाही, थेट रुग्णालय.

जागा आणि साहित्य

६ ते ८ शुभार्थी आणि २ गटचालक, याहून मोठा गट नको. त्यांना साधारण १५ × २० फुटांची खोली लागते. दार सगळ्यांना दिसेल असं, आतून कडी न लावलेलं. दाराशेजारी एक रिकामी खुर्ची कायम ठेवा. ज्याला नको वाटेल त्याने तिथे बसावं, बघावं, परत यावं किंवा येऊ नये. ही खुर्ची असली की खोलीबाहेर निघून जाणारे कमी होतात. भिंतीवर मोठा आरसा असेल तर चादरीने झाका. जमिनीवर १ इंची मास्किंग टेपने ८ फूट व्यासाचं वर्तुळ काढा. आपण कुठे उभं राहायचं हा प्रश्न त्याने सुटतो आणि चिंता तिथेच निम्मी होते. फरशी घसरडी नको. मधुमेह असलेल्यांना अनवाणी चालवू नका. या औषधांबरोबर मधुमेह बराच आढळतो.

८ जणांसाठी २० सत्रांचं साहित्य असं: ए-३ आकाराचे जाड ड्रॉइंग कागद ३५० (दर सत्राला माणशी दोन धरून ३२० लागतात, बाकीचे फाटायला), १२ रंगांच्या तेलखडूंच्या ८ पेट्या आणि काळे-पांढरे खडू वेगळे, कारण तेच आधी संपतात, लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा हे पोस्टर रंग आणि गेरू, शाडूची माती ४ किलो, खाकी कागदाची मोठी गुंडाळी, टेपच्या भरपूर गुंडाळ्या, पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं, प्रत्येकाच्या नावाची एकेक मोठी फाइल. पेटी सुरुवातीला सामायिक ठेवू नका. 'माझा रंग त्याने घेतला' यावरून संशयाची ठिणगी सहज पडते.

ब्लेड, कटर, टोकदार कात्री, काचेच्या बाटल्या, टर्पेंटाइन खोलीत आणायचंच नाही. रंगाचं पाणी पांढऱ्या मगात आणि प्यायचं पाणी झाकणाच्या बाटलीत, वेगळ्या टेबलावर. कोरड्या तोंडाने तहान लागलेला माणूस हाताशी येईल ते पाणी पितो.

संगीताचं सांगायचं तर पहिल्या पाच आठवड्यांत शब्द असलेलं गाणं नको. गाण्याची ओळ आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण. मोबाइलवरचं संगीतही टाळा. मध्येच जाहिरात किंवा अनोळखी माणसाचा आवाज येतो. हातात दिमडी (लहान डफ) घेणारा गटचालक सर्वांत उत्तम. गट थकला तर तो ताल धीमा करू शकतो, रेकॉर्डिंगला ते जमत नाही. लेझमीचा झणत्कार भास असलेल्यांना सहन होत नाही, तिचा मोह आवरा. टिपऱ्या हव्याच असतील तर वर्तमानपत्राच्या सुरळ्या करा.

आणि फोटो नाहीत. पाळत ठेवली जातेय या भीतीतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या माणसासमोर मोबाइल उगारणं क्रूर आहे. कायद्याचा रोखही असाच आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

एक सत्र, ७५ मिनिटांचं

पहिली १० मिनिटं येण्याची. प्रत्येकाने आपली फाइल ठरलेल्या जागेवरून घ्यायची, एक खडू निवडायचा आणि हजेरीच्या मोठ्या कागदावर आपल्या नावापुढे एक रेघ ओढायची. सही नको, रेघच. त्या दिवशीची रेघ जाड आहे की पुसट, लांब की टिचभर, ही दहा सत्रांनंतर फार बोलकी नोंद होते.

पुढची १५ मिनिटं शरीर जागं करण्याची. सुरुवात खुर्चीत बसूनच आणि पायांपासून. टाच-चवडा, टाच-चवडा, दिमडीच्या मिनिटाला ६० ते ७० ठोक्यांवर. मग तळवे एकमेकांवर चोळणं, खांदे वर-खाली, मान नाही. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहणं, वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर. मग टेपच्या वर्तुळावरून चालणं. ताल हळूहळू ९०-१०० ठोक्यांपर्यंत न्यायचा आणि परत खाली आणायचा. पायांपासून सुरुवात करायची कारण जमिनीला टेकलेलं पाऊल ही सर्वांत खात्रीची जाणीव असते. डोळे मिटायला सांगू नका. 'कल्पना करा, तुम्ही ढग आहात, विरघळताय' असं तर कधीच नाही. ज्याला स्वतःची कड हरवल्याची भीती वाटत आली आहे, त्याला विरघळायला सांगणं धोक्याचं आहे.

मग १० मिनिटं एक हालचाल निवडायला. प्रत्येकाने एकच द्यायची: हात वर नेणं, पाय आपटणं, खांदा उडवणं, काहीही. बाकीच्यांनी ती घ्यायची. इथे नवशिके सर्वांत मोठी चूक करतात. समोर उभं राहून हुबेहूब नक्कल करतात. आपले विचार कुणी चोरतंय किंवा वाचतंय असं ज्याला वाटत आलंय, त्याला ती नक्कल म्हणजे पुरावाच वाटतो. म्हणून आधी विचारा, "ताई, तुमची हालचाल आम्ही घेऊ का?" मग बाजूला उभं राहून, अर्ध्या आकारात, एका ठोक्याने उशिरा घ्या. आकाराऐवजी जोर आणि वेग जुळवा. 'नको' म्हणाल्या तर तेवढ्यावर थांबा. नको म्हणता येणं हीही या कामात मोठी मजल आहे.

कागदावर २० मिनिटं. कागदाच्या चारही बाजूंना गटचालकाने आधीच १ इंची टेपची चौकट लावून ठेवलेली असावी. कोरा, मोकळा कागद या आजारात अंगावर येतो. चौकट असली की हात निर्धास्त फिरतो आणि शेवटी टेप काढली की स्वच्छ पांढरी कड उरते, तिचं कौतुक सगळ्यांनाच वाटतं. पहिली दोन मिनिटं उभ्यानेच, खडू हातात घेऊन तीच हालचाल हवेत, मग तीच कागदावर. मग बसायचं. रेघांमध्ये जे आकार बंद झाले त्यातले आवडतील ते रंगवायचे. 'मनात येईल ते काढा' ही सूचना पहिल्या तीन आठवड्यांत देऊ नका. बहुतेक हात थिजतात. 'तुम्हाला येणारे आवाज काढा' हे तर कधीच सांगू नका. आवाजांवर काम करायला प्रशिक्षित चिकित्सकाची एकट्याची बैठक लागते, गट नव्हे.

चित्राबद्दल बोलताना 'हे काय आहे?' आणि 'असं का काढलं?' हे दोन प्रश्न वगळा. 'दादा, ही रेघ कुठून सुरू झाली?', 'इथे खडू जास्त दाबला होतात का?' असं विचारा. या प्रश्नांची उत्तरं बोटाने दाखवून देता येतात, शब्द नसले तरी चालतं. आणि प्रौढ माणसाला अरे-तुरे नको, अगदी घरचे त्याला तसं हाक मारत असले तरी.

मग १० मिनिटं कागदावरून परत शरीराकडे. आपल्या चित्रातली एकच रेघ निवडायची, तिच्यावरून बोट फिरवायचं आणि मग तिला जमिनीवर चालून दाखवायचं. पहिले चार आठवडे सगळ्यांनी एकाच वेळी चालायचं, म्हणजे कुणीही एकटं नजरेखाली येत नाही. पाचव्या आठवड्यापासून जोड्या.

शेवटची १० मिनिटं दर वेळी तंतोतंत सारखी हवीत. कागदाच्या मागे तारीख, कागद फाइलमध्ये, साबणाने हात धुणं, वर्तुळात बसणं आणि प्रत्येकाने एक वाक्य: 'आज बुधवार. आता जेवण.' हे बालिश वाटेल, पण सत्रात सैल झालेलं मन दिवसाच्या खुंटीला परत बांधायचं असतं. वेळ कमी पडली तर चित्राची मिनिटं कापा, ही नाही.

दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा

पहिले दोन आठवडे फक्त रेघ आणि फक्त तेलखडू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊल. प्रत्येकाने स्वतःच्या पावलाची किंवा पंजाची बाह्यरेषा स्वतःच काढायची आणि आतलं रंगवायचं. जमिनीवर आडवं झोपवून पूर्ण शरीराची बाह्यरेषा दुसऱ्याने काढण्याचा प्रकार पुष्कळ कार्यशाळांत दिसतो. इथे तो नको. निजलेल्या माणसाभोवती दुसऱ्याचा हात फिरणं अनेकांना आक्रमण वाटतं. याच आठवड्यांत शाडू माती आणा, माणशी अर्धा किलो. ती दाबल्यावर उलट जोर देते, हाताला स्वतःची ताकद कळते. ओला रंग त्यानंतरच. खडू हाताच्या ताब्यात राहतो, ओला रंग पसरतो, एकमेकांत मिसळतो. ज्याचे विचार आधीच विस्कळीत आहेत त्याला तो पसारा घाबरवतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ठिपक्यांची रांगोळी. आधी कागदावर ३ × ३ ठिपके जोडून एक वाट काढायची, मग जमिनीवर दीड-दीड फुटावर लावलेल्या टेपच्या ९ ठिपक्यांवरून तीच वाट चालायची, प्रत्येक ठिपक्याला दिमडीचा एक ठोका. जमलं तर ५ × ५, म्हणजे ६ × ६ फुटांची जागा. आधी ठरवणं, लक्षात ठेवणं, मग करणं ही साखळी या आजारात तुटते, तिला हा थेट सराव आहे. जमिनीवर असे दोन संच करा, नाहीतर आठव्या माणसाची पाळी येईपर्यंत पहिला निघून गेलेला असतो.

सातवा-आठवा आठवडा वारलीचा, आणि सगळ्या आराखड्यात हा भाग सर्वांत फलदायी आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाष्ण बाया घराच्या गेरूने लिंपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गटाला एवढं सांगून सुरुवात करा. कुणाची कला आपण हाती घेतोय हे माहीत असावं. वारलीतलं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एक गोल डोकं आणि काड्यांसारखे हातपाय. त्याला डोळे-नाक-तोंड नसतं. चेहऱ्यावर भाव उमटणं ज्यांचं थांबलंय आणि चित्रातल्या डोळ्यांची ज्यांना भीती वाटते, अशा दोघांनाही हे मोकळं करतं. सगळा भाव अंगाच्या कलण्यात असतो.

पुठ्ठ्याचे ४ सेंटिमीटरचे १६ त्रिकोण आधीच कापून आणा, माणशी दोन. शुभार्थीने एक पवित्रा घेऊन ५ सेकंद थांबायचं: वाकलेला, हात उंच, एक पाय पुढे. मग गेरू फासलेल्या कागदावर दोन त्रिकोण ठेवून ते सरकवत राहायचं, आपल्या अंगासारखा कल येईपर्यंत. वरचा त्रिकोण जरा तिरका केला की माणूस वाकतो, सरळ केला की ताठ होतो. हे हाताला कळलं की बहुतेक जण पुन्हा उठून पवित्रा तपासतात, कुणी न सांगता. मग पांढऱ्या रंगाने गिरवायचं. दुसऱ्या सत्रात ६ फूट खाकी कागदावर गेरू लावून सगळ्यांची माणसं तारपा नाचाच्या फेरात मांडायची, मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा. आणि मग तोच फेर जमिनीवर. मूळ नाचात एकमेकांच्या कमरेत हात असतात. इथे हातात हात सुद्धा नको, दोघांमध्ये दीड फुटाची ओढणी किंवा उपरणं धरायचं. ज्याला नको वाटेल त्याने टोक सोडलं तरी फेर तुटत नाही. चित्रातल्यासारखं आत-आत गुंडाळत जाऊ नका. मध्यभागी गर्दी होते आणि कुणी तरी घाबरतं. बाहेरच्या फेरीवरच राहा.

नवव्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून एक मोठा कागद आणि दहाव्यात निरोप. निरोपाची सूचना आठव्या आठवड्यापासूनच द्या. अचानक संपलेला गट कुणाला 'मला काढून टाकलं' असा वाटतो.

बिघडतं कुठे

कुणी पाच सत्रं तेच एक चित्र काढतो. काढू द्या. कागदाचा आकार बदला, खडूऐवजी कुंचला द्या, विषय बदलू नका. कुणी सगळा कागद काळा करतो. त्यात लगेच मरणाची खूण शोधू नका. पण सोबत झोप उडाली आहे का, बोलणं तुटलंय का हे पाहा आणि तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कुणी स्वतःशी हसतो, ओठ हलवतो: आवाज येताहेत. 'काय ऐकताय?' म्हणून चौकशी करण्यापेक्षा शेजारी जाऊन पायाचा ठेका ऐकू येईल असा धरा, नाव घेऊन एक सोपं काम द्या.

देवाची चित्रं, अभंग, वारीची पावली हे आपल्याकडे अगदी सहज सुचतं. ज्याच्या भ्रमात देवाचे आदेश असतात त्याच्या गटात ते आणू नका. फाइल वाचली असेल तर हे आधीच कळतं.

पण सर्वांत जास्त नुकसान करतात ती बक्षिसं. केंद्राचा वार्षिक कार्यक्रम येतो, 'छान चित्रं' भिंतीवर लागतात, पाहुण्यांसमोर नाच बसवायला सांगतात आणि आठपैकी तिघांचं काम पुढे येऊन पाच जण पुन्हा मागे जातात. चित्र शुभार्थीचं आहे. ते लावायचं की नाही हे फक्त त्याने ठरवायचं, आणि 'हो' म्हटल्यावर आठवड्याने पुन्हा विचारायचं.

नोंद साधी ठेवा: आला का, किती मिनिटं उभा होता, किती रंग वापरले, आपणहून कुणाशी बोलला का, सत्र संपायच्या आधीच उठून गेला का. प्रत्येक सत्रानंतर दोघा गटचालकांनी दहा मिनिटं बसून लिहावी. सुरुवातीला, पाचव्या आठवड्याला आणि शेवटी चिकित्सकाने लक्षणांची मोजपट्टी भरावी; पॅन्स या पट्टीत ३० मुद्दे असतात, त्यांतले ७ नकारात्मक लक्षणांचे, तुमचं लक्ष त्यांवर हवं. त्याचबरोबर घरी आंघोळ कितीदा सांगावी लागते हे शुभंकरांना विचारा. पट्टीवर न दिसणारा बदल तिथे दिसतो, किंवा दिसत नाही. दोन्ही प्रामाणिकपणे लिहा.

शुभंकर विचारतात, घरी काय करू? सकाळच्या चहानंतर १५ मिनिटं: पाच मिनिटं सोबत चालणं, पाच मिनिटं दोघांनी आपापल्या वहीत रेघा, पाच मिनिटं पुन्हा चालणं. वही तपासायची नाही, पाहुण्यांना दाखवायची नाही. नको म्हणाला तर शुभंकराने एकट्याने करावं, वही टेबलावर उघडी ठेवून. घरात अचानक काही बिघडलं आणि डॉक्टर मिळत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.